मिसळीच्या मागे मागे: पचनाची संप्रेरकं पाठ न करता कशी शिकायची

गॅस्ट्रिन, सिक्रेटिन, सीसीके, जीआयपी, जीएलपी-१, मोटिलिन, घ्रेलिन. पचनाच्या संप्रेरकांची, म्हणजे हॉर्मोनची, ही नावं फळ्यावर लिहिली की नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या माझ्या मुली लगेच पट्टी काढून तक्ता आखायला घेतात. नाव, कुठून येतं, काय करतं. तक्ता पाठ होतो, पेपरात उतरतो आणि वॉर्डात पाय ठेवेपर्यंत पुसला जातो. कळवण, सुरगाणा, निफाड, येवला अशा ठिकाणांहून या मुली मोठ्या कष्टाने शिकायला आलेल्या असतात. त्यांची मेहनत अशी वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी मी तक्ता आखूच देत नाही. आम्ही एका घासाच्या मागे निघतो. शिकवणं नाशकात चालतं, त्यामुळे घास मिसळीचा.

ही पद्धत नर्सिंग-फार्मसीच्या मुलांना उपयोगी आहे, नीटची तयारी करणाऱ्यांना आहे, आणि घरात कुणाला मधुमेह, पित्ताशयातले खडे किंवा कायमची अ‍ॅसिडिटी असेल तर त्यांनाही आहे. तिच्यात मुख्य प्रश्न दोनच आहेत. आत्ता इथे काय येऊन पोचलं? आणि आलेल्या मालाचं काय करायला लागेल? पचनसंस्थेतलं जवळजवळ प्रत्येक संप्रेरक या दोन प्रश्नांच्या मधे बसलेलं आहे. आम्ल आलं तर ते शमवायला हवं. तेल आलं तर पित्तरस हवा. साखर आली तर इन्सुलिन हवं. एवढं स्वतः काढता आलं की नाव शेवटी लिहायचं, ते आपोआप लक्षात राहतं.

आधी पान तयार करा

लाँगबुकचं पान आडवं धरा. वरच्या बाजूला मिसळीचं ताट काढा आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीखाली तिच्यात मुख्यतः काय आहे ते लिहा. मटकीत प्रथिनं, पिष्टमय पदार्थ आणि तंतू. तर्रीत तेल. पावात पिष्ट. दह्यात प्रथिनं आणि थोडा स्निग्धांश. फरसाणात पिष्ट आणि तेल. काही ठिकाणी सोबत जिलेबी देतात, तिच्यात साखर. चित्र सुबक नसलं तरी चालेल, पण ही ओळ वगळू नका. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

खाली डावीकडून उजवीकडे तोंड, जठर, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, मग बाकीचं लहान आतडं आणि शेवटी मोठं आतडं काढा. ड्युओडेनमच्या आसपास यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड. आता सगळ्यांत महत्त्वाचं: या सगळ्याच्या खालून लाल पेनने एक आडवी नळी काढा आणि तिच्यावर ‘रक्त’ असं लिहा.

ही लाल नळी नसेल तर धडा चुकतो. बहुतेक मुली सिक्रेटिनचा बाण आतड्याच्या पोकळीतून थेट स्वादुपिंडाकडे नेतात. सिक्रेटिन काही अन्नात सांडत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते रक्तात सोडतात. तिथून ते यकृतात, मग हृदयात आणि मग सगळ्या शरीरभर फिरून स्वादुपिंडापाशी येतं. जवळच्या शेजाऱ्याला निरोप द्यायचा, पण तो अख्ख्या गावातून फिरून जातो. मग बाकीचे अवयव का ऐकत नाहीत? सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, कळवण गाडीची घोषणा सगळ्या स्टँडला ऐकू जाते, उठतात ते कळवणचेच प्रवासी. ज्या पेशीवर त्या संप्रेरकाचा ग्राही (रिसेप्टर) असतो तीच पेशी उठते.

हे कळलं कसं, ती गोष्ट मी दरवर्षी सांगते. त्या काळी रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कामामुळे असं मानलं जात होतं की स्वादुपिंडाला आज्ञा जाते ती नसांमधून. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या, रक्तवाहिन्या मात्र शाबूत ठेवल्या. त्या तुकड्यात आम्ल सोडलं. नस एकही जोडलेली नाही, तरी स्वादुपिंडाचा रस ठिबकू लागला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्लात घोटलं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस आला. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा सगळ्या रासायनिक निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द आपल्या व्याख्यानात वापरला. म्हणजे हॉर्मोन म्हटल्यावर आपल्याला थायरॉइड नाहीतर पिट्युटरी आठवते, पण या शास्त्राची सुरुवात झाली ती आतड्यातून.

तोंड: इथे फार थांबू नका

गंगापूर रोडवरून जाताना रश्श्याचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, तर ते नसांचं काम आहे. लाळेला संप्रेरकाची वाट बघावी लागत नाही. तर्रीचा झणका लागून नाक-डोळे वाहतात तेही नसांचंच. एक गोष्ट मात्र इथेच नोंदवा. वास येताच मेंदूकडून व्हेगस नर्व्हमार्गे जठराला सूचना जाते आणि पहिला घास गिळायच्या आधीच थोडं गॅस्ट्रिन सुटतं. जठर तयारीला लागतं ते असं.

जठर: प्रथिन आलं

पहिला प्रश्न: काय आलं? मटकी आणि दही, म्हणजे प्रथिनं, शिवाय जठर ताणलं गेलं. दुसरा प्रश्न: काय लागेल? आम्ल, कारण प्रथिनं तोडणारं पेप्सिन आम्लातच काम करतं. मग इथलं संप्रेरक काय करत असेल? आम्ल वाढवत असेल. तेच गॅस्ट्रिन. जठराच्या खालच्या भागातल्या ‘जी’ (G) नावाच्या पेशी ते रक्तात सोडतात, ते फिरून जठराच्या वरच्या भागात येतं, तिथल्या पेशींना हिस्टामिन सोडायला लावतं आणि हिस्टामिन आम्लपेशींना कामाला लावतं.

आता तिसरा प्रश्न, जो पाठांतरात हमखास गळतो: थांबवतं कोण? जठरातला पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २ च्या खाली गेला की शेजारच्या डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि गॅस्ट्रिनला लगाम बसतो. पुढच्या प्रत्येक संप्रेरकाला हा प्रश्न विचारायची सवय लावा.

एवढं समजल्यावर घरातल्या दोन गोष्टींचा उलगडा होतो. अ‍ॅसिडिटी झाली की थंड दूध प्यायचं, हा उपाय आपल्याकडे घरोघरी चालतो. दूध आम्लाला थोडा वेळ शमवतं, म्हणून लगेच बरं वाटतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम, दोन्ही आम्ल वाढवतात. तासाभराने जळजळ परत आली तर नवल नाही. दुसरी गोष्ट गोळ्यांची. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने घेतली की जठरातलं आम्ल कमी राहतं, लगाम बसत नाही आणि गॅस्ट्रिन चढून राहतं. गोळी एकदम बंद केली की चढलेलं गॅस्ट्रिन काही आठवडे जास्तच आम्ल तयार करवतं. पेशंटला वाटतं, आजार परत आला आणि आता ही गोळी जन्माची. म्हणून ती बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. मुलींनो, मेडिकलमधून स्वतःच पत्ता आणून वर्षानुवर्षं खाणारे पेशंट तुम्हाला रोज भेटतील. त्यांना हे समजावून सांगायला वेळ काढा.

आपल्या जिल्ह्यात द्राक्षांबरोबर वाइनही आहे, म्हणून हेही सांगते: बिअर आणि वाइन गॅस्ट्रिन वाढवतात, कॉफीही वाढवते. जळजळीचा त्रास असणाऱ्याने रिकाम्या पोटी यातलं काहीच घेऊ नये.

ड्युओडेनम: इथे मुक्काम करा

अर्धा अधिक धडा या वीतभर जागेत आहे. जठर आपला माल एकदम ओतत नाही, थोडा थोडा पुढे सोडतं. तो येतो तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी दारात उभ्या असतात: जठराचं आम्ल आणि तर्रीचं तेल.

आम्ल आधी घ्या. ड्युओडेनमला जठरासारखं जाड श्लेष्म्याचं संरक्षण नाही आणि स्वादुपिंडाचे विकर, म्हणजे अन्न तोडणारे एन्झाइम, आम्लात चालत नाहीत. म्हणून आम्ल ताबडतोब शमायला हवं. पीएच साधारण ४.५ च्या खाली गेला की एस पेशी सिक्रेटिन सोडतात. स्वादुपिंड आणि पित्तनलिका बायकार्बोनेटचं पाणी सोडतात, आम्ल शमतं, आणि आम्ल शमलं की सिक्रेटिनचं कारणच संपतं. थांबवतं कोण, याचं उत्तर इथे किती सरळ आहे बघा.

आता तेल. तेलाचे मोठे थेंब विकरांना फोडता येत नाहीत, आधी पित्तरसाने त्यांचे बारीक थेंब व्हावे लागतात. पित्तरस कुठे आहे? पित्ताशयात, साठवलेला, तीस ते पन्नास मिलिलिटर. मग तेल आल्याची खबर पित्ताशयाला देणारं कोणीतरी हवं. ते सीसीके, म्हणजे कोलेसिस्टोकायनिन. स्निग्धाम्लं आणि अर्धवट पचलेली प्रथिनं यांची चाहूल लागताच आय पेशी ते सोडतात. मग पित्ताशय आकसतं, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली ओडीची झडप सैल पडते, स्वादुपिंड विकर सोडतं, जठराला ‘जरा हळू’ असा निरोप जातो आणि व्हेगसमार्गे मेंदूला ‘पुरे’ असा. पाच कामं दिसतात, पण कारण एकच आहे: तेल आलंय, ते पचायला वेळ आणि पित्तरस दोन्ही द्या. गंमत म्हणजे विकर सोडायला लावणारा पदार्थ वेगळा आहे असं समजून १९४३ मध्ये त्याला पॅन्क्रिओझायमिन असं निराळं नाव दिलं गेलं होतं. पुढे दोन्ही एकच निघाले.

सीसीके खरं समजलं ते एका सोनोग्राफीच्या खोलीबाहेर. पोस्टिंगला गेलेल्या मुलींबरोबर मी होते. सिन्नरकडचे एक आजोबा पित्ताशयाच्या तपासणीला आले होते. रात्रीपासून पोटात काही नाही, पहाटेच्या एसटीने आलेले. डॉक्टरांनी प्रोब फिरवला तर पित्ताशय अर्धवट आकसलेलं, आतलं नीट दिसेना.

“आजोबा, सकाळी काही घेतलंत का?”

“नाही गं बाई. पोराने स्टँडवर चहा पाजला तेवढाच. चहाने काय होतंय?”

माझी एक विद्यार्थिनी त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, “आजोबा, चहात म्हशीचं दूध होतं ना? दुधातली साय आतड्यात पोचली की पित्ताची पिशवी रिकामी व्हायला लागते. आपल्याला ती भरलेली बघायची आहे. उद्या दुधाचा चहासुद्धा नको.” आजोबांना पटलं. आणि त्या मुलीने तो तक्ता परत कधी पाठ केला असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा उपाशीपोटी या असं पेशंटला सांगताना तेवढ्यावर थांबू नका. ‘दूध घातलेला चहाही नाही’ हे शब्द उच्चारा आणि नातेवाइकांनाही ऐकवा. वजन झटपट उतरवायला जे तेल-तूप पूर्ण तोडतात किंवा दिवस दिवस उपाशी राहतात, त्यांच्या पित्ताशयाला आकसायचा निरोपच मिळत नाही. पित्तरस साचून घट्ट होतो, आणि खडे होण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे.

सावकाश जेवा, असं आजी सांगत आली, त्याचंही कारण इथेच सापडतं. ‘पुरे’चा निरोप रक्तातून आणि नसेतून पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दुसरा रस्सा आणि आणखी दोन पाव सहज जातात. दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी थोडं थांबा, पाणी प्या, मग ठरवा.

पाव आणि जिलेबी: साखर आली

पिष्टाची साखर होऊन ती लहान आतड्यात शोषली जाऊ लागली की स्वादुपिंडाला आगाऊ खबर द्यायला हवी, नाहीतर रक्तातली साखर चढेल आणि इन्सुलिन मागून धावेल. ही खबर दोघं देतात. वरच्या आतड्यातल्या के पेशींचं जीआयपी आणि मुख्यतः खालच्या भागातल्या एल पेशींचं जीएलपी-१. शिरेतून ग्लुकोज देऊन रक्तातली साखर तेवढीच चढवली, तरी तोंडावाटे ग्लुकोज घेतल्यावर इन्सुलिन जास्त सुटतं, हे १९६४ मध्ये दाखवलं गेलं. फरक आतड्याच्या निरोपाचा. दोघंही रक्तातली साखर चढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतात, ही त्यांची मोठी सुरक्षितता आहे.

जीएलपी-१ आणखी काही करतं: जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं, भूक शमवतं. पण ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं, डीपीपी-४ नावाचं विकर त्याला तोडतं. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या हे विकर अडवतात. दुसरा मार्ग म्हणजे जीएलपी-१ सारखाच पण टिकाऊ रेणू बनवायचा. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतला असा रेणू १९९२ मध्ये सापडला. त्यावर बेतलेलं औषध अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. आज ज्याची इतकी चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन याच कुळातलं आहे.

अशा पेशंटची काळजी घेताना पुन्हा पहिले प्रश्न विचारा. जठर हळू रिकामं होतंय, मग काय होईल? मळमळ होईल, म्हणून घास लहान, तेलकट कमी, पोट भरल्यावर एक घासही जास्त नाही. आणि शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटच्याही पोटात अन्न उरलेलं असू शकतं. म्हणून कुणी हे इंजेक्शन घेत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ही नोंद राहून गेली तर भुलीत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

ताटातल्या क्रमालाही इथे अर्थ आहे. उसळ, दही, कोशिंबीर आधी आणि पाव-भात नंतर, असं जेवल्यावर मधुमेहींची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दोन क्रमांनी जेवा आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून पाहा. औषध मात्र स्वतःच कमी-जास्त करू नका.

मोठ्या आतड्याबद्दल थोडक्यात. मटकीचे तंतू आपल्याला पचत नाहीत, तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून तयार होणारी लहान स्निग्धाम्लं एल पेशींना जागं करतात, आणि जीएलपी-१ बरोबर पीवायवाय हे भूक कमी करणारं संप्रेरकही सुटतं.

ताट रिकामं झाल्यावर

काहीच आलं नाही, हीसुद्धा एक खबरच आहे. जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की मोटिलिन साधारण दीड-दोन तासांनी एक मोठी लाट उठवतं. ही लाट उरलेले कण, जिवाणू, श्लेष्मा झाडून पुढे नेते. जेवणाआधी पोट गुरगुरतं ते याच लाटेने. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चिवडा तोंडात टाकत राहिलं तर ही झाडलोट मधेच थांबते, कारण अन्न आलं की लाट बंद पडते. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मोटिलिनच्याच ग्राहीवर बसतं. त्या गोळीने पोटात मुरडा का येतो ते आता तुम्हीच सांगा.

घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं. ते रिकाम्या जठरातून सुटतं आणि भूक लावतं. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते चढतं, म्हणून रोज एक वाजता डबा उघडणाऱ्याला पाऊण वाजता भूक लागते. अपुऱ्या झोपेनेही ते वाढतं. नाइट ड्युटी करणाऱ्या मुलींना पहाटे वडापाव का आठवतो, हे त्यांनीच मला वर्गात उत्तर म्हणून दिलं होतं, आणि ते बरोबर होतं.

जमलं का ते तपासा

आता पान झाका आणि पुढचे प्रश्न सोडवा. पेशंटला शिरेतून ग्लुकोज चालू आहे, तोंडाने काही नाही. जीआयपी वाढेल का? नाही, आतड्यात काहीच पोचलेलं नाही. जठराचा खालचा भाग शस्त्रक्रियेत काढला, तर कोणतं संप्रेरक घटेल? गॅस्ट्रिन. नुसती उकडलेली साबुदाण्याची खिचडी, तेल-तूप-दाणे काहीच नाही, तर पित्ताशय किती आकसेल? फारसं नाही.

शेवटचा प्रश्न माझा नाही, कळवणच्या एका मुलीने विचारलेला आहे: “मॅडम, ज्यांची पित्ताची पिशवीच काढलीय त्यांच्या सीसीकेचं काय होतं?” सीसीके सुटतंच, कारण आय पेशी आतड्यात आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही. झडपही सैल पडते. फक्त साठा नाही. यकृतातला पातळ पित्तरस दिवसभर थेंब थेंब येत राहतो, त्यामुळे एका बैठकीत भरपूर तेल आलं तर त्याला तो अपुरा पडतो आणि काहींना जुलाब होतात. तेल-तूप दिवसभरात थोडं थोडं विभागून घ्यायला सांगा. बहुतेकांना काही आठवड्यांत जमून जातं. त्यानंतरही जुलाब थांबत नसतील तर ते सहन करत बसू नका असं पेशंटला बजावा, कारण मोठ्या आतड्यात पोचणाऱ्या पित्तक्षारांवर औषध आहे आणि ते डॉक्टर लिहून देऊ शकतात.